आकडे वाचणारी

१

शाळेतून आलं की दप्तर खुंटीला लावायचं, हातपाय धुवायचे, दोन बिस्किटं तोंडात कोंबायची आणि साडेचारच्या आत मधल्या खोलीतल्या स्टुलावर जाऊन बसायचं. गेले दोन महिने पुटपुटचा हा नेम होता.

पुटपुट हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणापासून ती इतकं हळू बोलायची की समोरच्याला दोनदा विचारावं लागे, म्हणून बाबांनी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आता ती नववीत होती, तरी वर्गात हजेरीच्या वेळी तिचं "हजर" पुढच्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नसे. मधल्या खोलीत मात्र तिचा आवाज खणखणीत निघायचा. तिथे तो निघावाच लागे, कारण ती बाबांना आकडे वाचून दाखवत असे.

बाबांच्या कंपनीने वर्षाच्या सुरुवातीला त्यांचा विभागच बंद केला, तेव्हापासून ते घरी होते. सुरुवातीचे काही महिने खिडकीशी बसून समोरच्या इमारतीची गच्ची बघत. चहा ठेवला तर चहा पीत, नाही ठेवला तर मागत नसत. शेवटी आई म्हणाली, "बसून बसून खुर्चीला मुळं फुटतील. तो माळा तरी आवरा." माळा काही आवरला गेला नाही, पण त्यातून एक खोका खाली आला. खोक्यात बाबांच्या लहानपणचा कॉम्प्युटर होता.

जाड वहीएवढा काळा डबा, त्यावर राखाडी रबरी बटणं. त्याला स्वतःचा पडदा नाही, तो टीव्हीला जोडायचा. काही साठवून ठेवायचं तर टेपरेकॉर्डर जोडून साध्या गाण्याच्या कॅसेटवर साठवायचं, आणि तेव्हा कॅसेटमधून बेडकाने किंचाळावं तसला आवाज येतो. वीज गेली की डबा सगळं विसरतो. बाबांनी त्याचं पोट उघडून सुकलेले कपॅसिटर बदलले, एक तुटलेली पट्टी डाग देऊन जोडली, आणि पाचव्या दिवशी टीव्हीवर पांढरा पडदा उमटून कोपऱ्यात चौकोनी ठिपका लुकलुकायला लागला. बाबा कितीतरी दिवसांनी हसले.

"एवढासा जीव आणि एवढी कुरकुर," आई दारातून म्हणाली. "सासरचंच माणूस ते."

त्या काळी प्रोग्रॅम मासिकात छापून येत. पानंच्या पानं आकडे. ते वाचकाने घरी बसून एकेक करून टाइप करायचे, मग गेम खेळायचा. एका ओळीत आठ आकडे आणि नववा आकडा त्या आठांची बेरीज. ओळ पूर्ण झाली की डबा स्वतः बेरीज करून बघे. जुळली तर एकदाच बारीक "टिक" करी. चुकली तर लांब भुंग्यासारखा गुरगुरे आणि ती ओळ पुसून टाकी. डोळे एकाच वेळी पानावर आणि पडद्यावर राहत नाहीत, म्हणून हे काम दोघांनी करायचं. एकाने वाचायचं, एकाने टाइप करायचं.

वाचण्याचे नियम बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितले. ओळीखाली फूटपट्टी धरायची, ओळ संपली की ती खाली सरकवायची. एकोणसत्तर, एकोणऐंशी असलं काही म्हणायचं नाही, त्यात घोळ होतो. सहा-नऊ, सात-नऊ असं सुटं सुटं वाचायचं. आणि बाबांनी "हं" म्हटल्याशिवाय पुढचा आकडा सांगायचा नाही.

"दोन-एक-चार."

"हं."

"शून्य."

"हं."

"आणि बेरीज, नऊ-नऊ-आठ."

"हं."

टिक.

असं दीड तास. त्यात बोलणं असं काही नव्हतं. पण पुटपुटला दिवसभरात सगळ्यात जास्त बोलल्यासारखं तिथेच वाटे.

त्या गुरुवारी पान संपलं, तेव्हा तिने फूटपट्टी उचलली. पुढची दोन पानं जुन्या ओलीने एकमेकांना चिकटली होती. ती नखाने सोडवत असताना बटणं वाजत होती. टक, टक, टक. मग बाबा "हं" म्हणाले.

पान सुटलं. तिने पट्टी ठेवली आणि वाचलं, "एक-सात-तीन."

"झाला तो," बाबा म्हणाले. "पुढचा."

पडद्यावर १७३ होतं.

२

पुटपुटला प्रत्येक गोष्टीला कारण लागत असे. कारण सापडलं नाही तर तिला जेवण जात नसे. म्हणून दुसऱ्या दिवशी तिने परीक्षा घेतली. पानावर आठ-पाच होतं, तिने पाच-आठ वाचलं. बाबांची बोटं क्षणभरही थांबली नाहीत. "हं." ओळ संपल्यावर टिक झालं. पडद्यावर ८५ होतं.

"बाबा, मी चुकीचं वाचलं."

"हो का?"

"पण तुम्ही बरोबर टाकलंत."

बाबांनी चष्मा वर सरकवला. "अगं, हे सगळं मी एकदा केलेलं आहे. तुझ्याहून लहान होतो. ताई वाचायची, मी टाइप करायचो. बोटांना आठवत असेल."

"इतक्या वर्षांनी?"

"सायकल विसरतं का कोणी?"

कारण पटलं. म्हणजे तिने ते पटवून घेतलं. गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर तिने हिशेब केला: एका भागात साडेचारशे ओळी, म्हणजे चार हजार आकडे. सायकलला दोनच पायडल असतात. तिला स्वतःला इतिहासातली सात सालं धड आठवत नव्हती. पण बाबा वेगळे, असं म्हणून तिने पान उलटलं.

प्रोग्रॅम तीन भागांत होता. पहिला भाग एका अंकात, दुसरा पुढच्या अंकात. तो काय करतो हे मासिकाने सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या भागाच्या शेवटी चौकटीत इतकंच छापलं होतं: "तिसरा भाग, चाळीस ओळी, पुढील अंकी. तिन्ही भाग पूर्ण झाल्याशिवाय प्रोग्रॅम सुरू करू नये." पुढील अंक निघालाच नाही. मासिक बंद पडलं.

"मग आपण टाइप कशाला करतोय?" तिने विचारलं होतं.

"दोन भाग तरी होतील," बाबा म्हणाले होते. "निदान सुरू केलेलं एवढं तरी."

ते ऐकून तिने पट्टी पुढच्या ओळीवर सरकवली होती.

आणखी एक बारीक गोष्ट होती. ती तिने वहीत लिहिली नाही. जेवताना आई दुकानातल्या गमती सांगायची. ती औषधांच्या दुकानात काम करायची आणि गिऱ्हाइकांच्या नकला छान करायची. बाबा प्रत्येक वाक्याला "हं" म्हणत. आईला बरं वाटत होतं, की माणूस ऐकतोय. पण पुटपुट टेबलाच्या या बाजूला बसत असे आणि तिला बाबांचा डावा हात दिसे. टेबलाच्या कडेवर त्यांची बोटं हलत होती. आईचं वाक्य संपायच्या आधी बोटं थांबत, मग "हं" येई, आणि मग आईचं वाक्य संपे.

३

रविवारी आत्या आली. बाबांची मोठी बहीण. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, आणि आली की घराचा आवाज दुप्पट व्हायचा.

"काय गं पुटपुट, कंठ फुटला की नाही अजून? का चिठ्ठ्या लिहूनच संसार करणार आहेस?"

पुटपुट हसली.

"बघा, हसतेसुद्धा आवाज न करता. मांजराच्या जन्माची आहे ही."

आत्याने सगळं घर पाहिलं, पडदे कधी धुतले ते विचारलं, आईच्या हातची भाजी पुन्हा वाढून घेतली. मधल्या खोलीच्या दारात मात्र ती उभी राहिली आणि आत आली नाही.

"हे डबडं अजून जिवंत आहे?"

"दुरुस्त केलं," बाबा म्हणाले. ते खूश होते. "तोच प्रोग्रॅम चाललाय, ताई. आठवतं ना? तू वाचायचीस."

आत्याने पदराने चष्मा पुसला आणि स्वयंपाकघरात कप धुवायला गेली. कप तर पुटपुटने आधीच धुवून ठेवले होते.

संध्याकाळी पुटपुट तिला स्टॉपवर सोडायला गेली. बसला वेळ होता. बाकावर बसून दोघी रस्त्यापलीकडच्या चपलांच्या दुकानाची पाटी वाचत राहिल्या.

"आत्या, तू वाचताना एकोणसत्तर म्हणायचीस की सहा-नऊ?"

"कशात?"

"कॉम्प्युटरचे आकडे."

आत्याने पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. "मी कधी वाचलेच नाहीत गं. मला तेव्हाच चष्मा लागला होता, ते बारीक टाइप बघून डोकं चढायचं. पहिल्या दिवशी दोन ओळी वाचल्या आणि उठले, ती कायमची."

"मग कोण वाचायचं?"

"तेच तर कधी कळलं नाही." आत्या हसली, पण नेहमीसारखं नाही. "आमची आई स्वयंपाक करायची आणि तिथूनच ओरडायची, 'पुरे आता तुमचे आकडे, ताई, त्याला घेऊन जेवायला ये.' आणि मी तिच्या मागे ताटं पुसत उभी. ती वळायची, मला बघायची. आतून वाचणं चालूच असायचं. एक-दोन वेळा असं झालं, मग तिने हाक मारणंच सोडलं."

"आवाज कसा होता?"

"माझ्यासारखा," आत्या म्हणाली. "मला सर्दी झाली तेव्हा त्या आवाजालाही झाली."

समोरच्या दुकानदाराने शटर अर्ध्यावर ओढलं.

"मग तिसरा भाग आलाच नाही," आत्या सांगत होती. "तुझा बाप त्या खुर्चीत आठ दिवस बसून होता. बटणांवर बोटं ठेवून. शाळा नाही, काही नाही. खायला घातलं तर खायचा. समोर काहीही बोला, 'हं' म्हणायचा. डोळ्यांपुढे हात नाचवला तरी पापणी हलायची नाही. शेवटी आमच्या बाबांनी वायर उपटली आणि डबा माळ्यावर टाकला. दोन दिवसांनी तो नीट बोलायला लागला. पण त्याला वाटतं मी वाचत होते, आणि मीही त्याला कधी नाही म्हटलं नाही." बस वळणावर दिसली तशी ती उठली. "तिसरा भाग आला नाही तेच बरं झालं. तू अभ्यास कर. आकडे वाचायचे तर गणितातले वाच."

पायरीवर चढता चढता ती वळली. "किती झालंय?"

"दुसरा भाग उद्या संपेल."

दार बंद झालं. आत्या काचेतून काहीतरी म्हणाली, पण ते ऐकू आलं नाही.

४

सोमवारी दुसरा भाग संपला. बाबांनी दोन्ही भाग कॅसेटवर घेतले, कॅसेट डबीत घातली, डबीवर तारीख लिहिली. "चला, झालं आपलं काम," ते म्हणाले. पुटपुटने मासिक मिटून कपाटावर ठेवलं, त्यावर फूटपट्टी. तिला हलकं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. उद्यापासून साडेचार वाजता बोलायला काही नसणार होतं.

मंगळवारी शाळेत शास्त्राचा जादा तास होता. ती घरी पोचली तेव्हा सव्वापाच झाले होते. कुलूप नव्हतं, दार नुसतं लोटलेलं. आईच्या चपला नव्हत्या. आई सातला येते.

आत कोणीतरी वाचत होतं.

"एक-नऊ-शून्य."

"हं."

"चार-चार."

"हं."

पहिल्यांदा तिच्या मनात आलं, टेपरेकॉर्डर. बाबांनी कधीतरी तिचं वाचणं टेप केलं असेल आणि आता ऐकत असतील. कारण आवाज तिचाच होता. "शून्य" म्हणण्याआधी ती किंचित श्वास घेते, तो श्वाससुद्धा होता. टेपवर आपला आवाज परका वाटतो, हे तिला ठाऊक होतं. हा परका वाटत नव्हता. तिला तो घशात जाणवत होता.

"आणि बेरीज, नऊ-दोन-सहा."

"हं."

टिक.

तिने पॅसेजमध्ये दप्तर सोडलं. दप्तरातली पाण्याची बाटली फरशीवर आदळली आणि आतला आवाज थांबला.

खोलीत बाबा एकटेच होते. पाठ दाराकडे, हात बटणांवर. टेपरेकॉर्डरची वायर भिंतीतून काढून गुंडाळून ठेवलेली होती, कालच त्यांनी ठेवली होती; डबा मात्र तेव्हापासून बंदच केलेला नव्हता. स्टूल त्याच्या जागेवर. त्याच्यासमोर मासिक उघडं होतं, शेवटच्या पानावर, मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला. तिथे काहीही छापलेलं नव्हतं. कोऱ्या पिवळट कागदावर, साधारण एक तृतीयांश उंचीवर, फूटपट्टी आडवी ठेवली होती.

"आलीस?" बाबा मागे न बघता म्हणाले. "पाणी प्यायला एवढा वेळ? चल. चौदा झाल्या, सव्वीस राहिल्या."

तिच्या पायात अजून बूट होते.

"बाबा, मी आत्ता शाळेतून येतेय."

"हं."

"कोण वाचत होतं?"

त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. कौतुकानेच पाहिलं. "आज छान वाचतेयस. अडखळत नाहीयेस अजिबात."

पोट दुखतंय असं सांगून ती निघाली आणि आई येईपर्यंत जिन्यात बसून राहिली. शेजारच्या काकू विचारून गेल्या, "किल्ली हरवली का गं?" तिने मान हलवली. वर घरातून काही ऐकू येत नव्हतं. वाचायला बसायची वेळ साडेचार ते सहा. सहानंतर कोणी वाचत नसे, हे एक बरं होतं.

५

"मला एक सांग," आई म्हणाली. ती पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती आणि पुटपुट मोज्यांच्या जोड्या लावत होती. "सहा महिन्यांत या माणसाने मला 'आज काय आणू' असं विचारलं होतं का? आज सकाळी विचारलं."

"पण आई, पुस्तकात पुढचं छापलेलंच नाही."

"मग ते स्वतःच्या मनाने करत असतील. हुशारच आहेत ते, कंपनीला कळलं नाही ही वेगळी गोष्ट."

"आणि मी नव्हते तेव्हा कोणीतरी वाचत होतं."

आईने उशीचा अभ्रा झटकला. "स्वतःशी बोलत असतील. रिकाम्या घरात मीसुद्धा बोलते. परवा मी कुकरशी भांडले." तिने पुटपुटकडे पाहिलं आणि आवाज मऊ केला. "बाळ, तुला कंटाळा आला असेल तर वाचू नकोस. पण त्यांच्या हातातलं काढून घेऊ नकोस. खिडकीत बसलेला माणूस मला परत बघायचा नाहीये."

पुटपुटलाही तो बघायचा नव्हता. अडचण तीच होती. कॅसेट पुसून टाकायचं तिच्या मनात आलं होतं. वायर लपवायचंही आलं होतं. पण मग बाबा पुन्हा गच्चीकडे बघत बसले असते, आणि त्याला ती कारण झाली असती. काहीच केलं नाही, तर उद्या सव्वीस ओळी पूर्ण झाल्या असत्या. मग बाबा खुर्चीत बसून राहिले असते बोटं ठेवून, आणि या वेळी वायर उपटायला आजोबा नव्हते.

रात्री अंथरुणात पडल्यापडल्या तिला तिसरा मार्ग सापडला. तो इतका साधा होता की तिला हसू आलं. वाचायचं. स्वतःच वाचायचं, साडेचारच्या ठोक्याला स्टुलावर बसून, मध्ये फट न ठेवता, म्हणजे दुसऱ्या कोणाला वाचायला जागाच राहणार नाही. आणि वाचायचं ते वाटेल ते. मनाला येतील ते आकडे. बेरीज जुळणार नाही, डबा गुरगुरेल, ओळ पुसली जाईल. उद्या पुन्हा, परवा पुन्हा. बाबांना काम राहील, तिला बोलणं राहील, आणि चाळीस ओळी कधीच पूर्ण होणार नाहीत.

६

बुधवारी ती शाळेतून धावत आली. चार वाजून पंचवीस मिनिटांनी ती स्टुलावर होती. मधल्या खोलीच्या खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि टीव्हीच्या काचेवरची धूळ दिसत होती. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. सगळं कसं रोजच्यासारखं होतं.

बाबा बसले. तिने कोऱ्या पानावर फूटपट्टी धरली, दोन्ही हातांनी घट्ट, आणि ते काही म्हणायच्या आत सुरुवात केली.

"एक-सात."

"हं."

सतरा हा तिचा हजेरी नंबर होता.

"दोन-शून्य-चार."

"हं."

ही शाळेची बस. मग नऊ, हे आत्याच्या बसचं. आठ-आठ, एक-तीन-एक, सहा, दोन-पाच-शून्य, चार-दोन. शेवटचे पाच कुठलेच नव्हते, हवेतून काढलेले. आता बेरीज. तिने मुद्दाम मनात काहीही मिळवलं नाही. तोंडाला आलं ते बोलली.

"आणि बेरीज, सात-चार-सात."

"हं."

टिक.

योगायोग असू शकतो. तिने पट्टी सरकवली. पुढच्या ओळीला तिने आठही वेळा तोच आकडा घ्यायचं ठरवलं, तीन, तीन, तीन. म्हणजे बेरीज चोवीस, हे दुसरीतलं पोरही सांगेल, आणि ती म्हणणार होती पन्नास. तिने तोंड उघडलं. "नऊ-सहा," तिचं तोंड म्हणालं. "एक-एक-दोन." तिला वाटलं, घाबरून विसरले. सगळे आकडे नीट, स्पष्ट, खणखणीत येत होते. "आणि बेरीज, आठ-शून्य-एक."

टिक.

टिक.

टिक.

स्कूटर सुरू होऊन निघून गेली. ऊन टीव्हीवरून भिंतीवर सरकलं. ती वाचत होती आणि त्याच वेळी विचारही करत होती, दोन्ही वेगवेगळं चाललं होतं. थांबावं, असं तिला वाटलं. पण थांबलं की फट पडेल, आणि फटीत तो आवाज येईल. न थांबावं तर ओळी पूर्ण होत होत्या. तिने मनातल्या मनात ओळी मोजल्या. एकोणीस. वीस. एकवीस.

"वा," बाबा म्हणाले. "बघ, किती मोठ्याने बोलता येतं तुला."

तिने वेग कमी केला. एकेक आकडा चघळून म्हणू लागली. दोन आकड्यांमध्ये ती एक पूर्ण श्वास घेई, सोडे, पुन्हा घेई. बाबांनी घाई केली नाही. ते कधीच घाई करत नसत. त्यांचे डोळे पडद्यावर होते आणि पापण्या हलत नव्हत्या, हे तिला बाजूने दिसत होतं. त्यांच्या कानाच्या पाळीमागे सकाळच्या दाढीचा साबण वाळून राहिला होता. तो पुसावा असं तिला वाटलं.

पंचवीस.

"ही शेवटची," बाबा म्हणाले.

तिने पट्टी सरकवली. सात आकडे झाले. आठवा आकडा तिने मनात ठरवला. तिने ठरवला, याची तिला पूर्ण खात्री होती, कारण त्या गुरुवारपासून तोच तिच्या डोक्यात बसला होता. एकशे त्र्याहत्तर. ती अजून श्वासच घेत होती, ओठ मिटलेले होते.

टक. टक. टक.

"हं," बाबा म्हणाले.

पडद्यावर १७३ होतं.

आता फक्त बेरीज राहिली होती. पुटपुटने फूटपट्टी सोडली आणि दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. इतके की दातांचा ठसा ओठात उमटला. प्लग तिथेच होता, बाबांच्या खुर्चीच्या पलीकडे, हात लांब केला तर पोचेल इतका जवळ. पण हात काढला असता तर तोंड मोकळं झालं असतं. तिने मान हलवली. बाबा, नको. इकडे बघा. ती हे मोठ्याने म्हणत होती, पण बोटांच्या आत, आणि बाहेर नेहमीची पुटपुटही आली नाही.

बाबा थांबले. बटणांवर बोटं ठेवून, मान किंचित तिच्या बाजूला कलती करून, ते वाट बघत राहिले.

कोऱ्या पानावर, कोणी धरलेली नसताना, फूटपट्टी एक ओळ खाली सरकली.

मग तिच्या कानाला लागून, अगदी तिच्याच आवाजात, सुटं सुटं आणि नीट, कोणीतरी म्हणालं, "आणि बेरीज."

"हं," बाबा म्हणाले.